भाट्याच्या राही होडीचा पगार

मी एक जुनी, लाकडी, पोटाला भेगा पडलेली होडी आहे. आणि मित्रांनो, उमेदीच्या काळात मला दरमहा आठ रुपये पगार होता. तुम्ही हसलात, ते मला ऐकू आलं. खुशाल हसा. मुंबईच्या आगबोटीतून उतरणारे कोट-पाटलोणवाले लोकही असेच हसत, आणि लाट आली की माझाच काठ दोन्ही हातांनी घट्ट धरत.

आठ रुपये हा झाला कागदावरचा पगार. हातात किती पडे, हे गणित निराळं. होडीला हात कुठले, असं कुणी शहाणा विचारील. माझे हात म्हणजे माझ्या धन्याची, दत्तारामची बायको हिरा. तिच्या हातात पडलं म्हणजे माझ्या हातात पडलं.

माझा जन्म पाली गावचा. तिथे एक रायवळ आंबा होता, आणि तो इतका आंबट होता की त्याचं फळ खाल्लेला कावळा पुढचा पंधरवडा एक डोळा मिटूनच उडे. शेवटी मालकाने कंटाळून झाड विकलं. बैलगाडीवरून खोड भाट्याला आलं, आणि केरू मेस्त्रीने त्यातून मला घडवलं. तो आंबटपणा माझ्या अंगात राहिला तो कायमचा. लाकूड खाणारा समुद्रातला किडा माझ्या वाटेला एकदाच गेला. एक घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं करत जयगडच्या दिशेने निघून गेला. तो परत कुणाला दिसला नाही.

माझा धनी दत्ताराम हा होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. वल्ह्यांवर दोघे खलाशी, धाकू आणि विठू. धाकू लेकुरवाळा, विठू अजून पोरसवदा. आम्ही मासे मारत असू. मासे विकून जो पैसा येई त्याचे वाटे पडत. खलाशाला एक वाटा, तांडेलाला दीड, आणि होडीला एक. होडीला म्हणजे धन्याला नव्हे, हे नीट लक्षात घ्या. तो वाटा माझा. हिराने त्यासाठी एक गाडगं वेगळं ठेवलं होतं. पावसाळ्याआधी त्या पैशातून फळ्यांना चोळायला उंडीचं तेल येई, सांध्यांत भरायला कापूस आणि राळ येई, वरून पांघरायला माडाच्या झावळ्यांचे झाप येत. घरात चूल थंड असली तरी त्या गाडग्यात कुणी हात घालत नसे. या किनाऱ्यावर तशी रीतच आहे.

पुढे मासळीला भाव राहिना, आणि रत्नागिरीच्या धक्क्यावर एक कंपनी आली. आगबोट खोल पाण्यात उभी राही. तिच्यातली माणसं आणि ट्रंका किनाऱ्याला आणायला कंपनीला होड्या हव्या होत्या. दर महिन्याला बांधलेला पगार! दत्ताराम गेला. कंपनीचे हेडक्लार्क सखारामपंत. पान जुळवत जुळवत त्यांनी नावं लिहून घेतली: दत्ताराम पंधरा रुपये, धाकू दहा, विठू दहा. दत्तारामने अंगठ्याला शाई लावली आणि तो थांबला.

"पंत, आणि हिचा वाटा?"

"कुणाचा?"

"राहीचा. भायेर उभी हाय ती."

पंतांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "अरे, ती होडी."

"व्हय. मग?"

"मग तिला कसला वाटा? तुला पंधरा दिलेत, त्यातून तूच कर तिचं तेलपाणी."

"माझ्यातून कशाला? ती काय माझ्या घरात बसून खाते? आमच्यासंगती कामावर येते ती. आमच्या आधी पाण्यात उतरते."

"दत्ताराम, इथे रोज माशांचा लिलाव नाही. हा पगार आहे, पगार. होडीचा रकानाच नाही या कागदावर."

"मग कुणाचा हाय?"

"चाकरांचा."

"मग चाकर लिवा."

आगबोट चार दिवसांवर आलेली आणि पंतांकडे होड्या कमी. त्यांनी पान तोंडात टाकलं, थोडा वेळ चघळलं आणि टाक शाईत बुडवला. "नाव राही. बापाचं नाव?"

"केरू मेस्त्री," दत्ताराम म्हणाला. "त्यानेच घडवली."

"राही केरू," पंतांनी लिहिलं. "दरमहा रुपये आठ."

"तिचं नाव या दोघांच्या वर लिवा," दत्तारामने बजावलं. "ती यांच्या आधीची." धाकू-विठूने माना डोलावल्या, कारण ते खरंच होतं. तशी मी कंपनीची नोकर झाले. मला काही विशेष वाटलं नाही. पाणी पूर्वीही ओलं होतं, नंतरही ओलंच राहिलं.

पहिल्या पगाराला मात्र धक्क्यावर आरडाओरडा झाला. दत्तारामला वाटलं, आठ म्हणजे आठ. पंतांनी त्याच्या हातावर ठेवले सहा रुपये चौदा आणे.

"बाकीचे कुठे गेले?"

"कापले."

"कुणी?"

"नियमाने. ऐक. फंड, रुपयामागे एक आणा. बंदरपट्टी, म्हणजे धक्क्यावर काम करतोस त्याचा कर, रुपयामागे अर्धा आणा. आणि कंपनीचा कोट-टोपी, त्याचे डोईमागे सहा आणे."

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी पगार घ्याल, तेव्हा हा हिशेब माझ्याकडून शिकून ठेवा. रुपयाचे आणे सोळा. आधी पुरा पगार मांडायचा: आठ रुपये. मग रुपयामागची कापणी काढायची: फंडाचे आठ आणे, पट्टीचे चार. मग डोईमागची कापणी, जी पगार लहान असो की मोठा, सारखीच असते: सहा आणे. सगळे मिळून अठरा आणे, म्हणजे एक रुपया दोन आणे. ते आठातून वजा केले की उरतात सहा रुपये चौदा आणे. सोपं आहे. यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची. घर चालतं ते उरलेल्यावर; वरचा आकडा फक्त लोकांना सांगायला असतो.

"फंड कशाला?" दत्तारामने विचारलं.

"म्हातारपणाची सोय."

"तिच्या?"

"कागदावर आहे ना ती? मग तिच्याही."

"आणि टोपी? तिला टोपी कुठे घालू?"

"ते मी सांगायचं का?" पंत म्हणाले. "कापणी झाली आहे. टोपी घेऊन जा."

दत्तारामने टोपी माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर घातली. कोट मात्र हिराने उसवून त्याचं घरात अंथरूण केलं. टोपीमुळे माझी धक्क्यावर पत वाढली. मुंबईहून शिमग्याला येणारा एक चाकरमानी तर अंधूक उजेडात मला रामराम करून "मामलेदार घरी आहेत का?" असं विचारून गेला. हजेरीच्या वेळी पंत स्वतः पाण्यापर्यंत येत. "राही केरू?" असं पुकारून माझ्या काठावर थाप मारत, आणि बुडाखालून लाट "थप्" करून जाई. पंत लिहीत: हजर. माझा एकही खाडा नाही. तापाने नाही, लग्नकार्याने नाही. कंपनीत तेवढी शिस्तीची नोकर दुसरी नव्हती, आणि हे मी नाही, पंतच म्हणत.

अशी काही वर्षं बरी गेली. दर पावसाळ्याआधी मला तेल मिळे, राळ मिळे, आणि मी झापाखाली सुखाने घोरत असे. किनाऱ्यावरची कुत्री माझ्या घोरण्याने दचकत, पण ते राहू द्या.

मग मंदी आली. मुंबईतल्या गिरण्यांत काम कमी झालं, माणसं कमी झाली, आगबोटीतून उतरणाऱ्या ट्रंका कमी झाल्या. एका सकाळी पंत धक्क्यावर आले ते पान न खाताच आले, तेव्हाच मी ओळखलं.

"वरून हुकूम आलाय," ते म्हणाले. "दर होडीमागे एक नाव कमी करायचं. कुणाचं ते तुम्ही ठरवा. मी संध्याकाळी येतो."

तिघे माझ्याभोवती वाळूत बसले. धाकूच्या घरी चौथं मूल पाळण्यात. विठूच्या सोयरिकीची बोलणी पगारावरच झालेली. पगार गेला तर मुलगीही गेली. धाकूने विठूकडे पाहिलं, विठूने समुद्राकडे. समुद्राने कुणाकडेच पाहिलं नाही. त्याची ती सवय जुनी आहे.

शेवटी विठू हळूच म्हणाला, "तांडेल, राग मानू नका. राहीचं नाव काढलं तर? ती काय जेवते थोडीच!"

"ती जेवत नाय," दत्ताराम म्हणाला. "पन ती उपाशी रायली तर आपन सगळे पानी पितो."

गेल्याच वर्षी शेजारची एक होडी बिनतेलाची पाण्यात गेली होती. माणसं वाचली, पण होडीची फळी फळी सुटून किनाऱ्याला लागली होती, आणि विठूनेच ती सरपणाला गोळा केली होती.

मी राळेवाचून पावसाळा काढायचा की धाकूच्या पोराने दुधावाचून, असा तो सवाल होता. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, सांगता येत नाही. मला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी पंत आले. दत्ताराम उठून उभा राहिला. "माझं काढा."

"तुझं?" पंत दचकले. "आणि मग तांडेल कोण?"

"ते तुम्ही बघा. मी कामावर येनार. फकस्त कागदावर नाय."

पंत तिथेच माझ्या काठावर बसले आणि विचार करू लागले. बोटांची पेरं मोजली, आकाशाकडे पाहिलं, पुन्हा मोजली. मग त्यांच्या मिशीच्या एका टोकाला हसू आलं.

"नियम असा आहे," ते म्हणाले, "की तांडेलाची जागा रिकामी ठेवता येत नाही. खालच्यांत जो सर्वांत आधीचा, त्याला बढती. पगारही जागेचा, माणसाचा नव्हे. तुमच्यात आधीचं कोण?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

अशी मी तांडेल झाले, मित्रांनो. दरमहा पंधरा रुपये. या किनाऱ्यावर वल्ह्याला हात न लावता तांडेल झालेली मी पहिलीच असेन. निदान तसं कबूल करणारी तरी पहिलीच.

दत्ताराम घरी गेला तेव्हा हिरा सुकटीला ऊन दाखवून आत घेत होती. "माझा पगार गेला गो," तो म्हणाला.

"आनि तिचा?"

"तिचा वाढला. तांडेल झाली ती."

हिराने सुपातली सुकट खाली ठेवली. "बरां झालां. मग आजपासून जेवायला तिच्याकडंच जा."

पण दुसऱ्या दिवशी तिनेच धाकू-विठूला बोलावून घेतलं. "पगार कंपनीचा," ती म्हणाली, "पन वाटे आपले. कागद त्यांचा ऱ्हाऊ दे. हातात येतं ते मासळीसारखं मधोमध ओता."

ओतलं. आता तीन नावांचे पस्तीस रुपये. रुपयामागे दीड आणा गेला, तीन टोप्या गेल्या. हातात उरले तीस रुपये साडेनऊ आणे. त्याचे साडेचार वाटे. धाकूला सहा रुपये पावणेतेरा आणे, विठूला तेवढेच, मला तेवढेच. दत्तारामचे दीड वाट्याचे दहा रुपये सव्वातीन आणे. प्रत्येकाचं थोडं थोडं कमी झालं. माझे तर पाच पैसे गेले. पण कुणाची चूल विझली नाही, विठूची सोयरीक मोडली नाही, आणि पावसाळ्याआधी मला तेल मिळालं. कापूस जरा हात राखून भरला, एवढंच.

हे असंच चाललं असतं. पण नोकरी फार चांगली केली की वरच्यांचं लक्ष जातं. मुंबईत बसलेल्या कंपनीच्या मालकाच्या, शेटजींच्या नजरेला आलं, की रत्नागिरीच्या धक्क्यावर राही केरू म्हणून एक तांडेल आहे. आजारपण नाही, रजा नाही, शिमग्यालासुद्धा खाडा नाही. शेटजींना संशय आला. ते स्वतः आगबोटीने आले, आणि सखारामपंत त्यांना उतरवून घ्यायला आमच्याच होडीतून गेले. जाताना पंत माझ्या कानात म्हणाले, "राहीबाई, आज सांभाळा." मला कान नाहीत, पण ऐकलं मी.

त्या दिवशी समुद्राला जरा भरती होती. शेटजी शिडीवरून उतरले, ऐसपैस बसले, आणि होडी आगबोटीपासून सुटताच त्यांनी विचारलं, "तो राही तांडेल कुठंय?"

पंतांनी छत्री उघडली. ऊन नव्हतं.

"ही काय," दत्ताराम म्हणाला. "तुमी बसलायत तिच्यावर."

शेटजींना समजायला तीन लाटा लागल्या. मग त्यांचा आवाज चढला. "होडीला पगार? होडीला फंड? पंत, डोकं ठिकाणावर आहे का? आजपासून बंद! तिचं नाव या क्षणी खोडा!"

"खोडलं?" दत्तारामने शांतपणे विचारलं.

"खोडलं!"

दत्तारामने मान हलवली. धाकूने वल्हं वर घेतलं. विठूने वल्हं वर घेतलं. मी जिथे होते तिथे राहिले.

"हे काय? थांबलात का?"

"शेट, आमी दोघं कामावर हाव," धाकू म्हणाला. "पन ही आता कामावर नाय. कामावरनं काढलेल्याला आमी कसं वापरनार? नियम हाय कंपनीचा."

आता होडी चालत असते तेव्हा लाट कापली जाते; उभी असली की लाट तिला खेळवते. मी काहीच केलं नाही. एकदा इकडे कलले, एकदा तिकडे. शेटजींचा चेहरा आधी लाल होता, मग पिवळा झाला, मग पालीच्या त्या आंब्याच्या कैरीसारखा हिरवा झाला. त्यांनी सकाळी आगबोटीवर खाल्लेला शिरा समुद्राला दिला. मग काल रात्रीचं जेवण दिलं. पाठोपाठ परवाचं, आणि मला वाटतं, लहानपणी खाल्लेलंही थोडंफार दिलं असावं. खालचे मासे त्या वर्षी चांगले पोसले.

"चालू करा," शेटजी पुटपुटले. "पाच रुपये देतो तिला."

एक लाट आली.

"सहा."

दुसरी आली. ती जरा मोठी होती.

"आठ, आठ! पूर्वीचे आठ! आणि तुझे पंधरा! सगळ्यांची नावं लिहा, पंत. फक्त किनारा दाखवा!"

पंतांनी छत्री मिटली. वल्ही पाण्यात पडली. मी अशी निघाले, मित्रांनो, की धक्क्यावरच्या लोकांना वाटलं, आगबोटच आत शिरली.

किनाऱ्याला पाय लागल्यावर शेटजी वाळूत बराच वेळ बसून राहिले. रंग हळूहळू परत आला. दिलेला शब्द त्यांनी फिरवला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. उठताना त्यांनी माझ्या नाळेकडे बोट दाखवलं. "निदान ती टोपी तरी काढा रे तिच्या डोक्यावरची. कापणी बंद."

तेव्हापासून मला हातात सात रुपये चार आणे पडू लागले. हिशेब तुम्ही करून पाहा. डोईमागची कापणी गेली, रुपयामागची राहिली.

पुढचं थोडक्यात सांगते. रस्ते झाले, मोटारी आल्या, आगबोटीची माणसं सर्व्हिस मोटारीतून जाऊ लागली. कंपनी बुडाली. माझा फंड तिच्याबरोबर गेला. मी तिला वाचवायला गेले असते, पण ती पाण्यात बुडाली नव्हती. दत्ताराम पुन्हा मासे मारू लागला, आणि हिराने माझा वाटा शेवटपर्यंत काढला. आता ती दोघंही नाहीत. मी भाट्याच्या वाळूत उपडी पडलेली असते. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालतात, आणि मुलं माझ्या पाठीवरून घसरतात. पाठ झिजली आहे. सांध्यांतून आता आभाळ दिसतं.

तक्रार नाही. फक्त एवढंच सांगते, मित्रांनो. उद्या तुम्ही कमावते व्हाल. हातात काय पडतं ते मोजाल, घराला किती, दुकानाला किती, असे वाटे कराल. तेव्हा तुम्हाला वाहून नेणारं जे कुणी असेल, सायकल असो, बैल असो, नाहीतर थकलेली आई असो, तिचा वाटा आधी बाजूला काढा. ती मागत नाही म्हणून तिला लागत नाही असं समजू नका.

आणि पावसाळ्याआधी इकडे आलात, तर जमल्यास वाटीभर उंडीचं तेल घेऊन या. मला कामावरून काढल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.